डेअरीचा बर्फ

न्यूझीलंडला जाऊन आले म्हटलं की लोक डोंगर, मेंढ्या आणि निळ्या तळ्यांबद्दल विचारतात. डोंगर मी विमानातून पाहिले, मेंढ्या चालत्या गाडीतून पाहिल्या आणि तळ्यांकडे जायचं राहूनच गेलं. माझा सगळा मुक्काम बटाट्याच्या एका जुन्या शीतगृहात गेला. तिथे आता बटाटे नसतात, तिथे बर्फावरची हॉकी खेळतात. माझी तक्रार अजिबात नाही. साठी उलटल्यावर कुणी मला बर्फावर उभं करून कामाला लावलं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

गेले होते धाकट्या भावाकडे, विश्वासकडे. आम्ही त्याला विशू म्हणतो. सांगलीकडच्या एका दूध संघात तो अठरा वर्षं शीतकरण विभागात होता, नंतर बायको मेधा आणि मुलगी रेवा यांना घेऊन तिकडे गेला. आमचे वडील, नाना, जिवंत होते तोवर आमच्या पुण्याच्या सोसायटीत सगळ्यांना सांगायचे, "आमचा विश्वास न्यूझीलंडला इंजिनिअर आहे." मीही तेच सांगत आले. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑकलंड विमानतळ

तिथे सामानात खाण्याचं काही असेल तर आधी सांगावं लागतं. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, खोटं लिहायची सवय नाही, म्हणून अर्जावर सगळीकडे 'हो' लिहिलं. एका तरुण अधिकारी मुलीने विचारलं, "एनी डेअरी?"

रात्रभर झोप नव्हती. मला वाटलं, घरात कुणी त्या धंद्यात आहे का विचारतेय. मी ताठ मानेने सांगितलं, "माय ब्रदर. एटीन इयर्स."

ती गोड हसली आणि तिने बॅग उघडली. साताऱ्याचे कंदी पेढे निघाले. ते तिने हातमोज्यात धरून कचऱ्याच्या पेटीत टाकले. लसणीची सुकी चटणी तिने हुंगून परत दिली, दोन सोलापुरी चादरी उलगडून झटकल्या आणि पुन्हा नीट घडी घालून ठेवल्या. घडी माझ्यापेक्षा चांगली होती.

बाहेर विशू उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "पेढे गेले ना?"

रेवाही आली होती. चौदा वर्षांची, वडिलांइतकी उंच. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "प्रवासात किती वेळ लागला विचार की मला," मी म्हटलं. ती म्हणाली, "आय नो, आत्या, आय ट्रॅक्ड युअर फ्लाइट." लहानपणी ती फोनवर माझ्याशी मराठीत बोलायची. मग एके दिवशी "माझी दात पडली" म्हणाली, मी सुधारलं, पुढच्या वाक्यात पुन्हा सुधारलं, आणि असं महिनोन् महिने चाललं. हळूहळू ती फोनवर यायचीच बंद झाली. तो दोष माझा आहे. मुलांच्या वह्या तपासून तपासून हाताला लाल शाईची खोड लागली होती.

पापाटोएटो

दुसऱ्या दिवशी मेधाने मला ऑकलंडच्या पापाटोएटो भागात नेलं. तिथल्या रस्त्यावर मेथी, कढीपत्ता, पापड, साडीचा फॉल, सगळं मिळतं. मी म्हटलं, "मेधा, पेढे घरीच करू. एखाद्या डेअरीतून चांगलं दूध घे."

"ताई, इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान," मेधा म्हणाली. "ब्रेड, दूध, आइस्क्रीम, पेपर आणि जँडल्स. म्हणजे आपल्या स्लिपर्स."

"मग दुधाचा कारखाना असतो त्याला काय म्हणतात?"

मेधाला हसू आवरेना. "ती गंमत तुम्ही विश्वासलाच विचारा," एवढंच ती म्हणाली आणि मेथीच्या जुड्या निवडू लागली. मी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेतलं. दुकानदाराने "किआ ओरा" म्हणून माओरीत नमस्कार केला आणि मग गुजरातीत विचारलं, पिशवी हवी का.

पुकेकोहे, पहिला शनिवार

विशू राहतो पुकेकोहेला. ऑकलंडच्या दक्षिणेला लाल मातीच्या टेकड्या आहेत, त्यांवर कांदा आणि बटाटा. पिढ्यान् पिढ्या तिथे शेती करणारी भारतीय घराणी आहेत. ती लाल माती पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कांदाही चाखून पाहिला. आपल्याकडच्या कांद्याइतका तिखट नाही, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

शनिवारी दुपारी विशू म्हणाला, "ताई, स्वेटर दोन घाल. आज आपली मॅच आहे." तो नोकरी करतो भाजीपाल्याच्या एका कंपनीत, शीतकरण इंजिनिअर म्हणून, पण शनिवार-रविवार हॉकी संघाचे. संघाचं नाव वेका. वेका हा तिथला तपकिरी, गुबगुबीत, उडता न येणारा पक्षी. सहलीला आलेल्या लोकांचं सँडविच पळवण्यासाठी तो प्रसिद्ध आहे. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळणारा संघ, पण कॅनडाहून करारावर आणलेले दोघे सोडले तर बाकीचे कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी मास्तर, कुणी ट्रक चालवणारे.

शीतगृहाच्या दारात पाऊल ठेवलं आणि चहूकडून आरोळ्या ऐकू आल्या. "डेअरी! हाउझ इट गोइंग, डेअरी?" एक आडदांड गोलरक्षक, अंगावर गादी बांधल्यासारखा पोशाख, त्याने विशूच्या पाठीवर थाप मारली. "डेअरी, यू लेजंड."

डेअरी म्हणजे काय हे मला आता ठाऊक होतं. कोपऱ्यावरचं दुकान. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतका शिकलेला माझा भाऊ, आणि हे लोक त्याला भारतीय म्हणून दुकानदार ठरवून मोकळे. मी विशूला बाजूला घेतलं. "हे तू ऐकून घेतोस?"

"ताई, मला मशीनकडे बघायचंय," तो म्हणाला आणि सटकला. रेवा म्हणाली, "इट्स नॉट अ बॅड वर्ड, आत्या. आस्क ग्रॅहम."

ग्रॅहम सत्तरीचा. बटाट्याचा शेतकरी आणि या संघाचा जन्मदाता. माझ्या शेजारी बाकावर बसून त्याने आधी मला खेळ समजावला. दोन्हीकडून गोलरक्षक धरून सहा-सहा जण, चेंडूऐवजी काळी जाड चकती, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. कुणी आगाऊपणा केला की त्याला काचेच्या खोक्यात दोन मिनिटं एकट्याला बसवतात, आणि तोवर त्याच्या संघाने एक माणूस कमी घेऊन खेळायचं. ही शिक्षा मला फार पसंत पडली. वर्गात मी हेच करत असे.

मग त्याने इतिहास सांगितला. नवं शीतगृह बांधल्यावर हे जुनं रिकामं पडलं होतं, गारवा मात्र चालूच होता. एका हिवाळ्यात कांद्याच्या कामाला दोन कॅनडियन पोरं आली. फरशीवर गळलेलं पाणी गोठलं होतं, त्यावर ती घसरत खेळताना ग्रॅहमला दिसली. पुढच्या हिवाळ्यात त्याने मुद्दामच सगळ्या फरशीवर पाणी सोडलं. पहिल्या वर्षी घरचा एकेक सामना हरले. गुणफलकाला दोन आकडी पाट्याच नव्हत्या, त्यामुळे पाहुण्यांचे नवाच्या पुढचे गोल शेजारी खडूने लिहीत. लोक तरी येत राहिले, कारण पुकेकोहेत शनिवारी दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, असं तोच म्हणाला.

"आणि माझा भाऊ?" मी विचारलं.

ग्रॅहमने टोपी काढून डोकं खाजवलं. "ती चूक माझी," तो म्हणाला. विशू नवीन आला होता, नोकरी मिळत नव्हती, म्हणून रिंकवर, म्हणजे या बर्फाच्या मैदानावर, काही काम आहे का विचारायला गेला. ग्रॅहमने विचारलं, अनुभव काय? विशू म्हणाला, डेअरीत अठरा वर्षं. ग्रॅहमने त्याला आनंदाने कँटीनमध्ये चिप्स तळायला उभं केलं.

त्याच हिवाळ्यात नाना सोसायटीत इंजिनिअर, इंजिनिअर करत फिरत होते आणि विशू इथे चिप्स विकत होता. फोनवर त्याने कधी अवाक्षर काढलं नाही.

"दोन महिने तळत होता," ग्रॅहम पुढे सांगत होता. "तुझा भाऊ चिप्सवर काहीतरी लाल पावडर टाकायचा. रांग बाहेर रस्त्यापर्यंत जायची." मग एका घरच्या सामन्यात मधल्या डावात बर्फ मऊ पडायला लागला. मेकॅनिक गावात नव्हता. कँटीनच्या भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर होता आणि विशूला त्याचा बदललेला आवाज तळणाच्या आवाजातूनही ऐकू आला. एप्रनसकट तो आत घुसला, साचलेलं तेल काढलं, व्हॉल्व्ह फिरवले, आणि तिसऱ्या डावापर्यंत बर्फ कडक.

ग्रॅहमने विचारलं, हे तुला कसं येतं? विशू म्हणाला, सांगितलं ना, डेअरीत अठरा वर्षं. ग्रॅहम म्हणाला, कुठल्या डेअरीत असला कॉम्प्रेसर असतो? विशू म्हणाला, सगळ्या डेअऱ्यांत असतो. दोघंही एकमेकांकडे वेड्यासारखे बघत राहिले. मग विशूने हातांनी टाकी दाखवली, दूध दाखवलं, टँकर दाखवला, तेव्हा ग्रॅहम चिप्सच्या खोक्यावर खाली बसला.

"तेव्हापासून त्याचं नाव डेअरी," तो म्हणाला. "या घरात त्याच्याहून मोठं नाव नाही."

सामना सुरू झाला, त्या गोंगाटात डोळे पुसून घेतले. वेका जिंकले. कँटीनमध्ये पाटीवर लिहिलं होतं, 'डेअरी चिप्स'. मी आणलेली चटणी त्याच दिवशी त्या चिप्सवर संपली.

कांद्याच्या टेकड्या

मधले दिवस मी गाव पाहिलं. लोक दुकानात अनवाणी जातात, त्याची कुणाला लाज नाही. पावसाला पाऊस म्हणत नाहीत, त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. एका सकाळी टेकडीवर फिरायला गेले तर शेतकऱ्याने गाडी थांबवून विचारलं, ठीक आहात ना, कारण तिथे बिनकामाचं पायी कुणी चालत नाही.

विशू संध्याकाळी रोज तासभर रिंकवर जायचा, मीही जायला लागले. बर्फाखाली फरशीत नळ्या आहेत. शून्याखालीही गोठत नाही असं मिठाचं पाणी त्यांतून पंपाने फिरवतात. वर पाण्याचे पातळ थर देत, गोठवत, बर्फ वाढवायचा. थर बसला की विशू अंगठ्याने दाबून बघायचा आणि म्हणायचा, "जमला." एक दिवस तो गोलरक्षक, टामा त्याचं नाव, दिवसा इलेक्ट्रिशियन, लांबून ओरडला, "जमला?" विशू ओरडला, "जमला." मी चकित झाले. रिंकवर सगळेच ते म्हणत होते. अकरा वर्षांत विशूने त्यांना एवढं एकच मराठी शिकवलं होतं, तेही नकळत.

टामाने माझं नाव विचारलं. विशू मला ताई म्हणतो हे ऐकून तो खूश झाला. "आमच्या माओरीत ताई म्हणजे समुद्राची भरती," तो म्हणाला. तेव्हापासून मीही तिथे ताई झाले.

दुसऱ्या शनिवारी वेका उपांत्य सामना जिंकले. आता अंतिम सामना आणि तोही घरच्या बर्फावर, संघाच्या इतिहासात पहिल्यांदा. समोर दक्षिण बेटावरचा संघ, वर्षानुवर्षांचा विजेता. नियम असा की सामन्याच्या दिवशी चार वाजता पंच बर्फ तपासणार. बर्फ नापास झाला तर सामना त्यांच्या गावी, पुढच्या आठवड्यात. त्यांच्या गावी त्यांना कुणी हरवल्याचं ग्रॅहमला आठवत नव्हतं.

अंतिम सामन्याचा शनिवार

सकाळी सातला आम्ही रिंकवर पोचलो. तिकडे ऊब उत्तरेकडून येते; उत्तरेचा दमट, उबदार वारा सुटला होता, ऐन हिवाळ्याच्या त्या दिवसांत सुटू नये असा. विशूने दार उघडलं, दोन क्षण उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, एकच पंप वाजतोय."

मला तर नुसती घरघर ऐकू येत होती. पण खरंच, दोनपैकी एक पंप रात्रीत बसला होता. त्याचा सुटा भाग सोमवारशिवाय मिळणार नव्हता. उरलेल्या पंपाचं पाणी लांबच्या नळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. उत्तरेच्या कोपऱ्यात बर्फावर पाणी साचलं होतं, मी पाय ठेवला तर बूट ओला झाला.

ग्रॅहम आला, पाहिलं आणि बाकावर बसला. "मी फोन करतो त्यांना," तो म्हणाला. "सामना घेऊन जा म्हणतो. दुपारी सगळ्यांसमोर नापास होण्यापेक्षा बरं."

एप्रिलमध्ये नदी आटल्यावर सांगलीकडचे लोक जसे कालव्याकडे बघतात तसा विशू त्या कोपऱ्याकडे बघत होता. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "ताई, कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नसलं की काय करतात?"

"पाळी लावतात," मी म्हटलं.

"ग्रॅहम, फोन करू नकोस," विशू म्हणाला.

फरशीतल्या नळ्यांचे चार भाग आहेत, बटाट्याच्या जुन्या चार कोठ्यांचे. मागे रिंकच्या दुरुस्तीच्या वेळी विशूने हट्टाने प्रत्येक भागाला वेगळा व्हॉल्व्ह ठेवायला लावला होता. तेव्हा सगळे हसले होते. दूध संघात एक पंप बसला की तो हेच करायचा. आता तीन भाग बंद, सगळं पाणी एकाच भागाला वीस मिनिटं, मग पुढच्याला. चार तासांत प्रत्येकाच्या तीन पाळ्या. शेपटाकडच्या कोपऱ्याला पहिला मान.

व्हॉल्व्हची चाकं जुनी, जड, आणि ती भिंतीकडेच्या चरात एकमेकांपासून लांब. प्रत्येकावर एकेक माणूस हवा. टामा आला, दोघे कॅनडियन आले, मेधा आली. ग्रॅहमने कोट काढला आणि मेधाच्या मदतीला चौथ्या चाकापाशी उतरला. वेळ सांगायला रेवा, कारण गोल झाल्यावर वाजतो तो भोंगा तिच्याच हातात असतो. आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, ओल्या बुटांनी, हातात बंदुकीसारखं तापमापक घेऊन, मी. आकडे लिहायला चिप्सच्या खोक्याचं झाकण.

भोंगा वाजला. चाकं फिरली. वीस मिनिटांनी पुन्हा भोंगा. सकाळपासून गोलाचा भोंगा वाजतोय हे ऐकून गावातले लोक पाहायला येऊ लागले. आले ते राहिले, आणि चाकांवरची माणसं बदलू लागली. दुसऱ्या पाळीला माझ्या कोपऱ्यातलं पाणी पांढुरकं झालं. अकराच्या सुमाराला मी अंगठ्याने दाबून पाहिलं. विशूला बोलावलं. त्यानेही दाबलं.

"जमला?" चरातून टामाचा आवाज.

विशूने मान हलवली. "अजून नाही. थर पातळ आहे. वर पाणी देऊ, पुन्हा पाळी."

बाराला तीन पाळ्यांची पहिली फेरी संपली आणि लगेच दुसरी लावली. दीडला नवीनच संकट. दमट हवा आत आली आणि बर्फावर कमरेएवढं धुकं साचलं. समोरचा गोल दिसेना. विशू म्हणाला, हवा हलवायला हवी. कुणी घरच्या चादरी आणल्या, खेळाडूंनी त्या धरून घसरत फेऱ्या मारल्या, पण त्या चादरी पातळ, नुसत्या फडफडायच्या.

"विशू," मी म्हटलं, "माझ्या सोलापुरी कुठे आहेत?"

मेधाने गाडी काढली आणि पंधरा मिनिटांत त्या आल्या. मोरांच्या नक्षीची एक, हत्तींची एक. एकेकीची चार टोकं चौघाचौघांनी धरली, रेवाही स्केट्स घालून उतरली. त्या जाड चादरींनी धुक्याला असा धक्का दिला की ते दाराकडे पळालं. "आत्या, दिस चादर इज सो गुड," रेवा जाता जाता ओरडली. टामाने तिकडचं 'झकास' म्हटलं, "स्वीट अ‍ॅझ." मोर आणि हत्ती अर्धा तास बर्फावर धावत होते. ज्याने त्या विणल्या त्याला हे दिसायला हवं होतं.

चार वाजता पंच आला. उंच, अबोल माणूस. चाकूने टोचून पाहिलं, तापमान घेतलं, मधोमध चालला, दोन्ही गोलांपाशी वाकला. शेवटी माझ्या कोपऱ्यात आला. तिथे तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. त्याने खोक्याच्या झाकणावरचे माझे आकडे वाचले आणि विचारलं, हे कुणी लिहिलं? मी हात वर केला, वर्गातल्या मुलीसारखा.

"गुड आइस," तो म्हणाला आणि निघून गेला. विशू तिथेच बर्फावर खाली बसला. ग्रॅहमने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

पाळ्या सामनाभर चालूच ठेवाव्या लागल्या, म्हणून विशू पंपाशीच होता. त्याने सामना पाहिलाच नाही. मी त्याच्यासाठी पाहिला. पाहुण्यांनी दोन गोल आधी केले. दुसऱ्या डावात आमच्या एका मास्तराने एक फेडला. तिसऱ्या डावात कॅनडियनाने दुसरा. टामाने इतके फटके अडवले की मी मोजणं सोडलं. बरोबरी झाली, जादा वेळ मिळाला. पहिला गोल करील तो जिंकेल.

चकती मागे गेली आणि उत्तरेच्या कोपऱ्यात वळली. सगळे खेळाडूंकडे बघत होते, मी माझ्या कोपऱ्याकडे. तिथे पाणी असतं तर ती अडखळली असती. ती सरळ, सुळकन् कडेने पुढे निघाली, आमच्या ट्रकवाल्या मुलाच्या काठीवर आली आणि त्याने ती जाळ्यात धाडली.

रेवाने भोंगा दाबला तो सोडलाच नाही. लोकांनी बाकं बडवली. कुणी तरी "डेअरी" म्हणालं, मग दुसरं कुणी, आणि मग अख्खं शीतगृह एका सुरात "डेअरी, डेअरी" करू लागलं. मीही उभी राहून, घसा फुटेपर्यंत, तेच नाव पुकारत होते.

विशू हातात पाना घेऊन दारात आला. काय झालंय हे त्याला कळेना. पंप बिघडला असं समजून तो घाबरून आमच्याकडे बघत होता. तेवढ्यात रेवा भोंग्यापाशी उभी राहून ओरडली, "बाबा, जमलं!"

सगळे जण बर्फासाठी 'जमला' म्हणायचे. तिने 'जमलं' म्हटलं. फक्त बर्फ नव्हे, सगळंच. लिंग बरोबर होतं आणि मी सुधारायला गेले नाही. मी तिच्याकडे धावले आणि तिला मिठी मारली.

पुणे

परत येऊन आठवडा झाला असेल. सोसायटीतले कुलकर्णीकाका जिन्यात भेटले. नाना ज्यांच्याकडे रोज बढाया मारायचे तेच हे. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय म्हणतोय विश्वास? तिकडे काय करतो सध्या?"

"डेअरीत आहे," मी म्हटलं.

काकांचा चेहरा पडला. "अरेरे, इतकं शिकून?"

"हो," मी म्हटलं. "वर या, बसा. चहा टाकते आणि सांगते."